रात्रीचा वास, दुपारची पाहणी: तक्रारींची भाषा, आरोग्य आणि हवा एकत्र कशी अभ्यासावी?

घणसोली_पूर्व (प्रश्न)

नमस्कार. पीएचडीच्या आराखड्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. विषय तीन विभागांच्या बांधावरचा आहे: र्‍हेटरिक, सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरणशास्त्र. र्‍हेटरिक म्हणजे पटवून देण्याच्या भाषेचा अभ्यास. 'वक्तृत्वशास्त्र' म्हटले की लोकांना वक्तृत्व स्पर्धा आठवते, म्हणून मूळ शब्दच ठेवते.

क्षेत्र ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे, ऐरोली ते तुर्भे. रस्त्याच्या पूर्वेला टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत आणि तिच्या पाठीशी पारसिकची डोंगररांग, पश्चिमेला वस्ती आणि पुढे ठाणे खाडी. रात्री उग्र वास येतो अशी तक्रार इथले रहिवासी करतात. ती ज्या शब्दांत केली जाते ते शब्द कार्यालयात गेल्यावर कशात बदलतात आणि उत्तर येते तेव्हा त्यातले काय गळालेले असते, हे मला पाहायचे आहे. त्याच काळातली हवेची नोंद आणि लोकांचा श्वासाचा त्रास शेजारी मांडायचा आहे.

चार ठिकाणी अडले आहे. एक, ॲपवर हवा 'समाधानकारक' दिसते आणि लोक म्हणतात झोप येत नाही. दोन्ही खरे कसे मानायचे? दोन, स्वस्त सेन्सरवर कितपत विसंबावे? तीन, तक्रार आणि उत्तराचे विश्लेषण असे कसे करावे की विज्ञान शाखेचे मार्गदर्शक 'हे तुमचे मत झाले' म्हणणार नाहीत? चार, आरोग्याचा भाग एकट्या संशोधकाला कितपत झेपतो?

खाडीकाठ

पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

एक्यूआय, म्हणजे ॲपवर दिसणारा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, वास मोजत नाही, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर यायला हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात आठ घटक आहेत: पीएम १० आणि पीएम २.५ (हवेत तरंगणारे बारीक आणि अतिबारीक कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचा वायू), मर्कॅप्टन (सडक्या कोबीसारख्या वासाची रसायने) आणि रासायनिक द्रावकांच्या वाफा त्यात नाहीत. उलट आपले नाक हायड्रोजन सल्फाइड अब्जात काही भाग इतका असला तरी टिपते. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक मूल्यांत वासाचा उपद्रव टाळण्यासाठी ३० मिनिटांच्या सरासरीला ७ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, तर प्रकृतीसाठी २४ तासांच्या सरासरीला १५० मायक्रोग्रॅम असे दोन वेगळे आकडे आहेत. उपद्रव आणि प्रकृतीला धोका यांत एवढे अंतर आहे. तेव्हा 'एक्यूआय समाधानकारक' आणि 'वासाने झोप लागत नाही' ही दोन्ही विधाने एकाच रात्री खरी असू शकतात.

दुसरी गोष्ट सरासरीची. पीएम २.५ चा उपनिर्देशांक, म्हणजे त्या एका घटकापुरता निर्देशांक, २४ तासांच्या सरासरीवर निघतो. समजा २० तास हवेत ४० मायक्रोग्रॅम होते आणि रात्री ११ ते ३ या चार तासांत १९०. बेरीज ८०० अधिक ७६०, भागिले २४, म्हणजे ६५. निर्देशांक ११७, पट्टा 'मध्यम'. ते चार तास इतके वाईट होते हे या आकड्यावरून कळत नाही. पण म्हणून १९० हा ताशी आकडा उचलून 'अति खराब' पट्ट्यात बसवू नका, कारण ते पट्टे २४ तासांसाठी आखलेले आहेत. ताशी आकडा मायक्रोग्रॅममध्येच लिहा. परीक्षक नेमके इथेच बोट ठेवतात.

अंतिम एक्यूआय म्हणजे सर्वांत वाईट उपनिर्देशांक. घटकांची सरासरी नव्हे. पीएम २.५ जर ७५ असेल तर उपनिर्देशांक १५०, आणि त्याच दिवशी पीएम १० जर १८० असेल तर १५३. ॲपवर १५३ दिसेल आणि मुख्य प्रदूषक पीएम १०. वाचणारा म्हणेल 'बांधकामाची धूळ आहे', आणि जवळजवळ तेवढाच वाईट असलेला धुराचा भाग नजरेआड होईल. निर्देशांक काढायला किमान तीन घटक लागतात, त्यांत एक पीएम हवाच, आणि किमान १६ तासांची नोंद लागते. एखाद्या दिवशी आकडाच नसेल तर कारण बहुधा हेच असते.

ॲप कोणत्या देशाची पट्टी वापरते तेही नोंदवा. पीएम २.५ जर ५० असेल तर आपल्या पट्टीने ८३, 'समाधानकारक'. अमेरिकी पट्टीने १३७, 'संवेदनशील गटांना अपायकारक'. हवा तीच. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन शेजारी दोन ॲपचे फोटो टाकून वाद घालत असतील तर ते तुमच्या विषयाचे अस्सल साहित्य आहे.

आता सेन्सर. प्लॅनटॉवर पीएमएस ५००३ सारखे लेझर सेन्सर कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात, वजन नाही. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. खाडीच्या काठी मिठाचे कण असतात आणि मीठ पाणी लवकर ओढते. म्हणून त्याच डब्यात आर्द्रतेचा सेन्सर ठेवा आणि ८५ टक्क्यांवरचे तास वेगळ्या खुणेने बाजूला काढा. पावसाळ्याचे आकडे डिसेंबरच्या आकड्यांशेजारी थेट मांडू नका.

वस्तीत लावण्याआधी सर्व डबे सरकारी केंद्राशेजारी, नाहीतर परवानगी मिळेल तितक्या जवळ, निदान दोन आठवडे एकत्र चालवा. ऐरोली, महापे, नेरूळ इथे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची सतत नोंद घेणारी केंद्रे आहेत आणि त्यांचे ताशी आकडे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. काम संपल्यावर पुन्हा दोन आठवडे हेच करा, म्हणजे मधल्या काळात सेन्सर किती घसरला ते कळेल. प्रत्येक डब्यात दोन सेन्सर ठेवा. दोघांचे पटत नसेल तो तास रद्द. डबा स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपासून, एसीच्या बाहेरच्या युनिटपासून आणि देवघराच्या खिडकीपासून दूर हवा. हवा आत घेणारे तोंड खाली ठेवा.

एक गोष्ट हमखास चुकते: घड्याळ. वीज गेली, राउटर बंद पडला आणि बोर्डावर बॅटरीचे घड्याळ नसेल तर वेळ भलतीच लागते. तुमचा सगळा अभ्यास 'किती वाजता' यावर उभा आहे. दोनशे-तीनशे रुपयांचे घड्याळाचे मॉड्यूल वाचवू नका.

वायूंच्या स्वस्त सेन्सरच्या नादी लागू नका. हायड्रोजन सल्फाइडचे बाजारातले बहुतेक सेन्सर कामगारांच्या सुरक्षेसाठी, दशलक्षात काही भाग या पातळीसाठी बनवलेले असतात. वासाच्या पातळीला ते नुसते हेलकावे खातात.

आणि वारा. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीकडून पाण्याकडे, म्हणजे तुमच्याकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतो, आणि हिवाळ्यात हवेचा मिसळणारा थर खाली बसतो. त्यामुळे रात्रीचा वास वस्तीत येणे भूगोलाला धरूनच आहे. पावसाळ्यात वारा उलटा असतो. वाऱ्याची दिशा न नोंदवता 'एमआयडीसीतून वास येतो' असे प्रबंधात लिहिले तर तो तर्क ठरेल.

मम्मटाचा_वाचक

तिसरा प्रश्न माझा.

आधी एकक ठरवा. सुटी तक्रार किंवा सुटे उत्तर हे एकक धरू नका. तक्रार आणि तिचे उत्तर मिळून एक 'प्रकरण' धरा. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर चार वेळा लिहा: वास आल्याची, तक्रार नोंदवल्याची, पाहणीची, उत्तराची. शैलीबद्दल एक शब्द लिहिण्याआधी पहिली आणि तिसरी वेळ यांतल्या फरकाचा तक्ता करा. हा तक्ता कोणालाही 'मत' म्हणता येणार नाही.

मग स्टॅसिस वापरा. ग्रीक हर्मागोरासपासून रोमन सिसेरोपर्यंत चालत आलेली ही पद्धत विचारते की वाद नेमका कोणत्या प्रश्नावर अडला आहे. मराठीत चार खाने असे करता येतील: घडले का, त्याला काय म्हणायचे, ते किती गंभीर, आणि ठरवायचा अधिकार कोणाचा. नमुना म्हणून बेतलेली दोन वाक्ये घ्या. तक्रार: 'काल रात्री एकच्या सुमारास सडक्या अंड्यासारखा भपकारा आला, आईला खोकल्याची उबळ आली.' उत्तर: 'सदर परिसराची पाहणी करण्यात आली असता वायुप्रदूषणाची मानके विहित मर्यादेत आढळून आली.' तक्रार पहिल्या खान्यात आहे: घडले. उत्तर दुसऱ्या खान्यात उडी मारते: त्याला प्रदूषण म्हणता येत नाही. 'एक वाजता वास होता का' या प्रश्नाला हो नाही आणि नाहीही नाही. उत्तर खोटे नाही. ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. तुमचा मुख्य निष्कर्ष बहुधा इथेच सापडेल: किती प्रकरणांत उत्तर त्याच खान्यात येते आणि किती प्रकरणांत खाना बदलतो.

आता व्याकरण. 'पाहणी करण्यात आली', 'आढळून आले नाही', 'कार्यवाही प्रस्तावित आहे'. या रचनेत कर्ता नाही आणि बहुधा वेळही नाही. कर्ता नसणे ही कार्यालयीन मराठीची जुनी सवय आहे, तेवढ्यावरून लपवाछपवीचा आरोप करू नका. वेळ नसणे मात्र मोजा. प्रत्येक क्रियापदाशेजारी तीन रकाने ठेवा: कोणी, कधी, कशाने (नाकाने की यंत्राने). भरलेले आणि रिकामे रकाने मोजता येतात.

शब्दांचे विश्लेषण करताना पाश्चात्त्य परिभाषेपुरते थांबायची गरज नाही. अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घेतलेला जवळचा अर्थ), व्यंजना (सुचवलेला अर्थ) आपण शाळेतच शिकतो, आणि इथे त्या चपखल बसतात. 'मध्यम' घ्या. निर्देशांकात १०१ ते २०० म्हणजे मध्यम. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० आहे आणि ६० म्हणजेच निर्देशांक १००. म्हणजे 'मध्यम' हा पट्टा सुरूच होतो तो मर्यादा ओलांडल्यावर. पण मराठी कानाला मध्यम म्हणजे ना तिखट ना फिके, चालेल असे. अभिधेने एक पट्टा सांगितला, व्यंजनेने 'काळजी नको' सांगितले. त्याच पट्ट्याच्या अधिकृत सूचनेत दमा आणि हृदयविकाराचे रुग्ण, मुले आणि वृद्ध यांना त्रास होऊ शकतो असे म्हटले आहे, पण शब्द वाचून माणूस सूचनेपर्यंत जातच नाही. दुसऱ्या टोकालाही पाहा: पीएम २.५ जर २५ असेल तर आपल्या पट्टीवर 'चांगला', आणि जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे २४ तासांचे मूल्य १५ आहे.

'संवेदनशील व्यक्तींनी बाहेर पडणे टाळावे' हे वाक्य दहा जणांना वाचायला द्या आणि विचारा, हे कोणासाठी आहे? मराठीत संवेदनशील म्हणजे हळव्या मनाचा. दम्याचा रुग्ण स्वतःला त्यात मोजेलच असे नाही. पीएमसाठी वापरला जाणारा 'धूलिकण' हा शब्द त्याहून जास्त नुकसान करतो. धूळ म्हटले की केरसुणी, ओला कपडा, पाण्याचा टँकर डोळ्यांपुढे येतो. पीएम २.५ मध्ये जळणाचा धूर आणि वायूंपासून हवेतच बनलेले कण यांचा वाटा मोठा असतो. रस्त्यावर पाणी मारून ते खाली बसत नाहीत. शब्दाने उपायच चुकीचा सुचवला.

कोडिंगसाठी, म्हणजे कोणते प्रकरण कोणत्या खान्यात ते ठरवण्यासाठी, नियमपुस्तिका लिहा. प्रत्येक खान्याची व्याख्या, बसणारे एक उदाहरण, आणि बसेल असे वाटून न बसणारे एक. दुसरा वाचक असा घ्या की ज्याला तुमचा निष्कर्ष ठाऊक नाही. २५-३० प्रकरणांवर दोघांनी सराव करा, मतभेद लिहून ठेवा, पुस्तिका सुधारा आणि मग नवीन प्रकरणांवर कोहेनचा कप्पा (दोघांची सहमती योगायोगापेक्षा किती जास्त ते सांगणारा आकडा) काढा. सरावातल्याच प्रकरणांवर काढलेला कप्पा फुगलेला असतो. एखादा खाना क्वचितच येत असेल तर नव्वद टक्के सहमती असूनही कप्पा खाली येतो; तिथे दोन्ही आकडे द्या.

न्यायसूत्रातली वाद (सत्य शोधण्यासाठी), जल्प (जिंकण्यासाठी), वितंडा (नुसते खंडन) ही विभागणी वापरायचा मोह होईल. तिथे जपून. ती विभागणी बऱ्याच अंशी बोलणाऱ्याच्या हेतूवर उभी आहे आणि हेतू कागदावर दिसत नाही. अधिकाऱ्याच्या पत्राला वितंडा म्हटलेत की मार्गदर्शकांचे 'हे मत झाले' खरे ठरेल.

नाडी_आणि_नोंद

आरोग्याचा भाग छोटा ठेवा, पण नेटका ठेवा. 'एमआयडीसीमुळे दमा होतो का' हा प्रश्न एका पीएचडीत सुटणार नाही. त्याला हजारो माणसे आणि कित्येक वर्षे लागतात. 'वासाच्या रात्री त्याच माणसाला इतर रात्रींपेक्षा जास्त त्रास होतो का' हा प्रश्न सुटतो.

त्यासाठी केस-क्रॉसओव्हर रचना बघा. तुलना एका माणसाची दुसऱ्याशी नाही, त्याच माणसाची त्याच्याशीच. त्रासाची रात्र मंगळवारची असेल तर त्याच महिन्यातल्या उरलेल्या मंगळवारच्या रात्री तुलनेला. वय, धूम्रपान, घराची जागा, नोकरी हे सगळे आपोआप समान राहते. बदलत्या गोष्टी मात्र नोंदवाव्या लागतात: मच्छर अगरबत्ती, घरातला सर्दी-ताप, फटाके, शेजारी कचरा जाळणे.

पीक फ्लो मीटर (जोरात फुंकर मारल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारे साधन) स्वस्त असतो आणि घरी वापरता येतो. सकाळी आणि संध्याकाळी, उभे राहून, तीन फुंकरा, सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. दिवसातला मोठा उणे छोटा, भागिले दोघांची सरासरी. दोन आठवड्यांची सरासरी प्रौढांत १० टक्क्यांवर गेली तर चढउतार जास्त समजतात. इनहेलर घेण्याआधी की नंतर ते लिहिले नाही तर आकडा वाया जातो. एक मीटर एका माणसाला. पहिले तीन-चार दिवस लोक शिकत असतात, ते दिवस गाळा.

प्रश्नावलीची भाषा हा तुमच्या दोन्ही विभागांना जोडणारा धागा आहे, तिथे वेळ द्या. इंग्रजी प्रश्नावलीतल्या 'व्हीझ'ला (श्वासाबरोबर छातीतून येणारा शिट्टीसारखा आवाज) मराठीत एक शब्द नाही. 'घरघर' म्हटले तर काही जण घशातला कफ समजतात, 'शिट्टी' म्हटले तर काहींना प्रश्नच कळत नाही. 'दम लागतो का' विचारले की जिना चढणारा प्रत्येक माणूस हो म्हणतो, आणि 'दमा आहे का' विचारले की दमा असलेलाही नाही म्हणू शकतो, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असेल तर. म्हणून आधी ८-१० जणांसमोर प्रश्न वाचा आणि विचारा, 'तुम्हाला काय विचारले असे वाटले?' मग आवाज काढून दाखवायचा, व्हिडिओ दाखवायचा की 'श्वास सोडताना छातीतून सूं-सूं आवाज' असे लिहायचे ते ठरवा. मराठी मजकूर तिसऱ्या व्यक्तीकडून परत इंग्रजीत करून घेणे हे त्यानंतर.

नीतिशास्त्र समितीची मंजुरी पहिल्या नोंदीच्या आधी हवी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक आणि वर्तनविषयक आरोग्य संशोधनही येते. समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना ते पाहा. २०१९ च्या नियमांनी ते आवश्यक केले. नंतर मागून मंजुरी मिळत नाही आणि तोवरची नोंद फेकावी लागते.

याच वस्तीत एमआयडीसीत कामाला जाणारी माणसेही राहतात. एखाद्याच्या डायरीत कारखान्याचे नाव आणि सोसायटीचे नाव एकत्र आले तर त्याची नोकरी धोक्यात येऊ शकते. संमतीपत्रात हा धोका साध्या मराठीत लिहा, आणि कारखान्यांना पहिल्या दिवसापासून सांकेतिक क्रमांक द्या.

घणसोली_पूर्व

खूप मोठी मदत झाली. दोन गोष्टी राहिल्या. वासाची डायरी कशी असावी? लोक नुसते 'घाण वास' लिहितात. आणि जुन्या तक्रारी व उत्तरे मिळवायची कशी?

तुर्भे_नाका

वासाच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे आणि ती श्रीमंती डायरीत यायला हवी. कुजका, आंबूस, कुबट, करपट, उग्र, दर्प, भपकारा हे सगळे वेगवेगळे आहेत. कुबट हा बंद ओलाव्याचा, करपट जळण्याचा, आंबूस आंबवल्याचा. दर्प रेंगाळतो, भपकारा एकदम अंगावर येतो. पहिल्या पानावर लोकांना ठाऊक असलेल्या वस्तूंची यादी द्या आणि खूण करायला सांगा. सडके अंडे (हायड्रोजन सल्फाइड), सडका कोबी किंवा लसूण (मर्कॅप्टन), नासलेली मासळी (अमाईन), मुतारी (अमोनिया), नेलपॉलिश (ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट), दवाखाना (फिनॉल). कंसातली नावे तुमच्या वहीत. लोकांच्या पानावर फक्त वस्तू. रसायनाचे नाव दिसले की लोक अंदाज बांधू लागतात. शेवटी एक ओळ कोरी सोडा, 'तुमच्या शब्दांत'. तुमच्या विषयाला तीच ओळ सर्वांत मोलाची ठरेल.

तीव्रतेसाठी ० ते ६ ची पट्टी घ्या. जर्मन व्हीडीआय मानकात तीच आहे. ० म्हणजे वास नाही, ६ म्हणजे अत्यंत तीव्र. सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, खिडकी उघडी की बंद, आणि जाग वासाने आली की आधीपासून जागे होते, एवढे पुरे. एका नोंदीला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर दुसऱ्या आठवड्यात वह्या कोऱ्या येतात.

'वास नाही' ही नोंदही रोज मागा. फक्त वासाच्या रात्री लिहिल्या तर तुलनेला काही उरत नाही, आणि न लिहिलेली रात्र चांगली होती की माणूस गावाला गेला होता ते कळत नाही.

नाक थकते, हेही लक्षात ठेवा. तासभर वासात बसलेल्याला तो कमी झाल्यासारखा वाटतो. थांबल्याची वेळ म्हणून सुरुवातीच्या वेळेपेक्षा कमी भरवशाची असते.

ओहोटी विसरू नका. खाडीचा चिखल उघडा पडला की त्यातूनही सडक्या अंड्याचा वास येतो, आणि मलनिस्सारणाच्या नाल्यातूनही. भरती-ओहोटीच्या वेळा आधीच छापलेल्या मिळतात. डायरीच्या तक्त्यात त्यांचा एक रकाना करा. पूर्वेचा वारा आणि सडके अंडे ही नोंद एक सांगते. पश्चिमेचा वारा, ओहोटी आणि सडके अंडे ही वेगळेच सांगते. हा रकाना तुम्ही ठेवला नाहीत तर समोरची बाजू तो पहिल्याच बैठकीत विचारेल.

अर्ज_क्रमांक_एक

माहिती अधिकाराबद्दल. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. शुल्क १० रुपये. 'सर्व तक्रारींच्या प्रती द्या' असे लिहू नका; 'माहिती व्यापक आहे' म्हणून तो परत येतो. एक कार्यालय, एक ठरावीक कालावधी, एक प्रकार (वास किंवा वायू) असा लिहा आणि आधी प्रती न मागता नोंदवहीची प्रत्यक्ष पाहणी मागा; कायद्याच्या कलम २(जे) मध्ये पाहणीचा हक्क आहे. नोंदवही पाहिली की कोणत्या फायलींच्या प्रती हव्यात ते कळते, आणि दोन रुपये पानाने खर्चही आवाक्यात राहतो. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यानंतर पहिल्या अपिलासाठीही ३० दिवस. ही तारीख वहीत वेगळी लिहून ठेवा, ती चुकली आणि उशिराचे पुरेसे कारण दाखवता आले नाही तर नवा अर्ज करावा लागतो. तक्रारदारांची नावे-पत्ते खोडलेल्या प्रतीच मागा, म्हणजे खासगी माहितीचे कारण आडवे येणार नाही आणि तुमच्या नीतिशास्त्र समितीलाही बरे वाटेल.

कारखान्यांचे वार्षिक पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे जाते. तेही मागता येते, पण वेगळ्या अर्जाने.

जनसुनावणीची इतिवृत्ते घ्यावीत असे कोणी सुचवेल. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीचे चित्रीकरण होते आणि इतिवृत्त त्याच दिवशी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते, त्यामुळे र्‍हेटरिकसाठी ते उत्तम साहित्य आहे. पण अधिसूचित औद्योगिक वसाहतींतल्या प्रकल्पांना सुनावणीतून सूट मिळण्याची तरतूदही त्याच अधिसूचनेत आहे. टीटीसी पट्ट्यात म्हणूनच तक्रारीच्या कागदाला इतके वजन येते: रहिवाशाचे म्हणणे लेखी नोंदले जाण्याच्या जागा मुळातच थोड्या आहेत.

व्हॉट्सॲप ग्रुपमधला मजकूर घ्यायचा असेल तर ॲडमिनची परवानगी म्हणजे सदस्यांची परवानगी नव्हे. ज्याचा मेसेज, त्याची संमती. आणि मेसेज शब्दशः छापू नका.

मम्मटाचा_वाचक

वरच्या ओळीशी पूर्ण सहमत नाही. शब्दशः न छापता र्‍हेटरिकचे विश्लेषण होत नाही. 'भपकारा'चा 'दुर्गंधी' केला की आपणही कार्यालयासारखेच वागलो. मार्ग असा: संमतीपत्रात दोन वेगळ्या खुणा ठेवा, एक 'माझा मजकूर अभ्यासा', दुसरी 'माझे शब्द जसेच्या तसे छापा'. दुसरी खूण करणारे कमी निघतील. तेवढेच छापा.

अर्ज_क्रमांक_एक

हे मान्य. फक्त छापताना मेसेजची नेमकी वेळ तासावर आणा, १२.४७ चे 'मध्यरात्रीनंतर'. ग्रुपमधला दुसरा माणूस वेळेवरून लगेच ओळखतो.

खाडीकाठ

विश्लेषणाच्या फाइलमध्ये मात्र १२.४७ च राहू द्या. वारा आणि ओहोटी तासावर आणली तर हातात काही उरणार नाही. दोन फाइली ठेवा, आणि मूळ वेळा असलेली फाइल लॅपटॉपवर नको, विभागातल्या कुलूपबंद डिस्कवर.

सुरुवात नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा: दिवाळीचा धूर ओसरलेला, पावसाचा दमटपणा गेलेला, रात्रीचा पूर्वेचा वारा लागलेला. सहा डबे, पंधरा-वीस घरे, चार आठवडे. डबे त्याआधी दोन आठवडे केंद्राशेजारी चालवायचे आहेत, म्हणजे जागेच्या परवानगीचे पत्र ऑगस्टमध्येच जायला हवे.